शून्याची खाच

लॅक्टोमीटर बुडवून बघितल्याशिवाय लालासाहेब शिंगटे दूधवाल्याला दारातून हलू द्यायचे नाहीत. सैन्यात सिग्नलमध्ये बावीस वर्षं काढलेला माणूस. खरखरीतून माणसाचा आवाज वेगळा काढायचा आणि तो आपला की परका हे ठरवायचं, हेच काम. पेन्शनीत आले, साताऱ्याला गोडोलीत तीन खोल्यांचं घर बांधलं, तरी संशय काही सुटला नाही. "तुमी देवाच्या अंगाऱ्याचाबी वास घेऊन बघताय," असं त्यांची बायको अंजना म्हणायची. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच.

नाद एकच, गाणं ऐकायचा. ॲम्प्लिफायर त्यांनी स्वतः बांधला होता, काचेच्या व्हॉल्व्हचा. दोन मोठे स्पीकर, रेकॉर्ड प्लेअर, रेडिओ, टेपरेकॉर्डर, सगळं बाहेरच्या खोलीत नीट मांडलेलं. पण गाण्याच्या मागं सतत एक बारीक 'घूं' असायचं. ते कुठून येतं हे शोधता शोधता लालासाहेब प्रीॲम्प्लिफायरपर्यंत पोचले. आवाज मोठ्या यंत्रात जायच्या आधी थोडा वाढवून देणारा तो मधला डबा. त्याचे व्हॉल्व्ह बदलले, तारा बदलल्या. घूं गेलं नाही.

त्यांचा जुना दोस्त नानासो लग्नाकार्याला लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा. त्यानं कान लावून ऐकलं आणि हसला.

"गड्या, मधला डबाच काढून टाक. तुझ्या यंत्राला ताकद लय हाय. आधी वाढवायचं आन् मग कमी करायचं, हे धंदे सांगितलेत कुणी? नुसता रेडिओ का रेकॉर्ड त्ये निवडायचा एक स्विच आन् आवाजाचा एक कंट्रोल बसव. त्याला वीज नको, व्हॉल्व्ह नको. ज्याच्यात वीजच न्हाई, ते पदरचं काय घालणार?"

हे लालासाहेबांना पटलं. वीज नसलेला डबा फक्त कमी करू शकतो, भर घालू शकत नाही. संशयी माणसाला याहून काय हवं?

पण कंट्रोल कसला घ्यायचा यावर त्यांचे दोन महिने गेले. साधा कार्बनचा नको. तो वर्षभरात खरखरतो, आणि आवाज बारीक केला की डावी-उजवी बाजू सारखी राहत नाही. त्यांना खाचांचा हवा होता. फिरवला की टक टक करत एकेक पायरी उतरणारा, प्रत्येक पायरीला मोजून रेझिस्टन्स डागलेला. पुण्यातही मनासारखा मिळाला नाही. शेवटी सांगलीला गणपती पेठेतला एक रेडिओवाला म्हणाला, "खणभागात धोंडिराम मिस्त्री हातानं बनवायचे. घरी एखादा असंल बघा."

घर सापडलं. दार पन्नाशीच्या बाईंनी उघडलं. राहीबाई, मिस्त्रींची बायको.

"मिस्त्री आहेत?"

"न्हाईत," त्या म्हणाल्या. मग आत जाऊन फडक्यात गुंडाळलेला कंट्रोल घेऊन आल्या. तेवीस खाचा, पितळेचे टोकदार संपर्क, मागं खिळ्यानं कोरलेलं 'धोंडिराम'. इतकं सफाईदार काम लालासाहेबांनी सैन्यातही पाहिलं नव्हतं. "घिऊन जावा," राहीबाई म्हणाल्या. "घरात नको झालंय मला त्ये."

बाईंच्या कपाळाला ठसठशीत कुंकू होतं. ही गोष्ट लालासाहेबांच्या ध्यानात आली ती एसटी कराडच्या पुढं गेल्यावर.

पत्र्याच्या डब्यात त्यांनी तो बसवला. तारा वीतभरच ठेवल्या, कारण अशा डब्याला लांब तार मानवत नाही. घूं गेलं. गाणाऱ्या बाईचा दोन ओळींमधला श्वासदेखील ऐकू येऊ लागला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते झाकण काढून स्पिरिटच्या बोळ्यानं संपर्क पुसायचे, व्हॅसलीनचं बोट फिरवायचे. तीन महिने सुखात गेले.

पंचाहत्तरच्या डिसेंबरात, एका दुपारी, रेकॉर्ड संपली तशी त्यांनी कंट्रोलची मूठ उलटी फिरवत शेवटच्या खाचेवर आणली. शून्याची खाच. तिथं आवाजाची तार थेट अर्थिंगला मिळते; पलीकडं काही जाणं शक्यच नसतं.

डाव्या स्पीकरमधून कुणीतरी खोकलं.

लालासाहेब हलले नाहीत. थोड्या वेळानं फरशीवर स्टूल सरकवल्याचा आवाज आला. त्यांनी मूठ एक खाच वर केली. आवाज गेला. परत खाली. परत स्टूल.

त्यांनी रेकॉर्ड प्लेअरची तार काढली, मग रेडिओची, मग टेपरेकॉर्डरची. डब्याला आता काहीच जोडलेलं नव्हतं. तरी पलीकडं कुणीतरी पळीनं कढईच्या तळाशी खरवडत होतं. झाकण उघडलं तर आत पितळ, रेझिस्टन्स आणि चार तारा, बाकी काही नाही. शेजारच्या घरी जाऊन त्यांनी विचारलं, रेडिओ चालू होता का? नव्हता. आणीबाणीच्या त्या वर्षी माणसं तशीही आजूबाजूला बघूनच बोलायची. कुणी आपल्यावर पाळत तर ठेवली नाही? त्यांनी गच्चीवर जाऊन विजेच्या खांबापर्यंतची तार डोळ्यांनी तपासली.

चार दिवस त्यांनी अंजनाला काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी ती स्वयंपाकघरातून ओरडली, "आवं, उठा की, भाकरी निवतीया!"

मूठ शून्यावर होती. स्पीकरमधून पुरुषाचा दबका आवाज आला.

"राहे, ऐकलंस? भाकरी निवतीया म्हणती."

मागून एक बाई म्हणाली, "मला काय बी ऐकू येत न्हाई. तुमी जेवा बघू."

अंजना पदराला हात पुसत दारात उभी होती. तिनंही ऐकलं होतं. पण ती मागं सरली नाही. पलीकडचा माणूस बोलतच होता. कोण आहेत ही माणसं, रोज का बोलतात, आपल्या घराचा कानोसा का घेतात.

"आवं," अंजना हळूच म्हणाली, "त्यो आपल्याला भ्यायलाय."

लालासाहेबांना ते ऐकू आलं नाही. त्यांच्या डोक्यात 'राही' हे नाव घुमत होतं, आणि त्या बाईच्या कपाळावरचं कुंकू. म्हणजे मिस्त्री जिवंत होता. कुठल्या तरी वायरलेसच्या चलाखीनं खणभागात बसून त्यांची थट्टा चालवली होती.

ते स्पीकरच्या तोंडाशी वाकले.

"धोंडिराम मिस्त्री! मी लालासाहेब शिंगटे. सातारा, गोडोली. काय बोलायचं ते समोर येऊन बोला!"

पलीकडं एकदम शांत झालं.

मग स्टूल पडलं. पावलं लांब गेली. कडी वाजली.

त्यानंतर आठ दिवस शून्याच्या खाचेवर काहीच आलं नाही. खरं तर सुटलो म्हणायला हवं होतं. पण लालासाहेबांना झोप लागेना. नवव्या दिवशी त्यांनी डबा पिशवीत घातला आणि सांगलीची एसटी धरली.

राहीबाईंनी पिशवीकडं पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडं.

"म्हंजे तुमालाबी ऐकू आलं," त्या म्हणाल्या.

"आक्का, मिस्त्री कुठं आहेत?"

त्यांनी आत बोलावलं, चहा ठेवला. खोलीच्या खिडक्यांना आतून जाड कापडं ठोकलेली होती, उन्हानं विटलेली.

"त्येंनीच ठोकली ती. डब्यातनं माणसं बोलत्यात, आपल्यावर पाळत हाय, म्हणायचे. जेवायचे न्हाईत. मला तर येक अक्षर ऐकू यायचं न्हाई. मग येक दिस दुपारी ताठ उठले. म्हणाले, आज नाव घिऊन बोलावलंय. गोडोलीला जाऊन येतो. आन् गेले."

"कधी?"

"पाच वर्सं झाली ह्या पौषात."

लालासाहेबांनी मनात हिशेब केला. पाच वर्षांपूर्वी ते अजून सैन्यात, जबलपूरला होते. गोडोलीत त्यांच्या घराच्या जागी तेव्हा शाळूचं रान होतं. पौषात शाळू छातीएवढा असतो. त्या रानाच्या बांधावर उभा राहून एक माणूस घर शोधत होता.

"परत काही खबर?"

"न्हाई. म्हणून तर कुंकू ठेवलंय."

चहावर साय धरली.

"दादा," राहीबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"मी आणि बायको."

"अंजना," राहीबाई म्हणाल्या.

हे नाव लालासाहेबांनी या घरात कधीच घेतलं नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली.

"आन् तिसरी?"

"तिसरं कुणी नाही, आक्का. आम्ही दोघंच."

राहीबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या, खोटं बोलणाऱ्याकडं बघावं तशा.

"त्ये म्हणायचे, तिघं हायती. येक बाप्या, दोन बाया. दुसरी कवा बोलत न्हाई. दोघांचं बोलणं सपलं की नुसती हसती."

लालासाहेबांनी डबा तिथंच ठेवला. राहीबाई नको म्हणाल्या नाहीत. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "आले तर मागतील."

घरी आल्यावर अंजनानं विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की वस्तू ज्याची त्याला देऊन आलो. जुना प्रीॲम्प्लिफायर परत जोडला. घूं परत आलं, आणि या वेळी ते त्यांना बरं वाटलं. दुपारी आता ते यंत्र बंद करत नसत. रेकॉर्ड संपली तरी घूं चालू राहायचं.

माघात एका संध्याकाळी वीज गेली आणि घूं थांबलं. दोघं ओसरीवर घेवडा निवडत बसली होती. अंजना शेजारच्यांच्या विहिरीबद्दल काही सांगत होती, पाणी कसं खाली गेलं, मोटर कशी हवा ओढते. सांगून झालं. शेंग मोडायला उचललेला तिचा हात तसाच थांबला. मान किंचित कलती, आतलं काही ऐकावं तशी, नजर घराच्या उघड्या दाराकडं. तेवढा एक क्षण गेला, मग तिनं शेंग मोडली.

लालासाहेब काही बोलले. तिनं हुंकार दिला, आणि परत तशीच थांबली.

तिसरीबद्दल लालासाहेबांनी तिला एक अक्षरही सांगितलं नव्हतं.