कोरड्या विहिरीचं माप

बस गेली? गेली तर गेली, आता पहाटेशिवाय दुसरी नाही. शिफ्ट सुटली की गेटवर गप्पा हाणत बसता, आणि मग तुम्हाला या चाचाचं गॅरेज आठवतं. बसा त्या टायरवर. विडी ओढायची तर पेट्रोलच्या डब्यापासून लांब, राव. मला अजून जगायचंय.

भुताची गोष्ट पाहिजे म्हणता. भुताचं मला ठाऊक नाही, भीमराजचं ठाऊक आहे. माझा मामेभाऊ इनायत सरकारी जीप चालवायचा, आणि भीमराज त्याच जीपमधून गावोगाव विहिरी मोजत फिरायचा. सरळ माणूस. थाप मारायची म्हटली तरी त्याला जमायची नाही.

सदुसष्टच्या डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला, तेव्हा तुम्ही शेंबडी पोरं. इकडेसुद्धा मांडणीवरची भांडी वाजली होती. त्यानंतर डोंगराकडेच्या विहिरींनी रंग दाखवायला सुरुवात केली. एकीला पाणी चढलं, तर शेजारचीत ठणठणाट. अण्णासाहेब म्हणून भूगर्भाचे साहेब होते. ते सांगायचे, जमीन हलली की खडकात कुठं भेग उघडते, कुठं मिटते, आणि पाणी आपली वाट बदलतं. म्हणून मोजायचं.

आता खरं दुखणं ऐका. चाकणच्या पलीकडे, डोंगराखाली भीमराजचं गाव. नाव सांगत नाही. तिथं आपल्या ओळखीच्यांच्या लेकी नांदतायत. त्याच्या बौद्धवस्तीची विहीर त्या हादऱ्यानं आटली. गावच्या विहिरीवर वस्तीतल्या बायका गेल्या की दगड यायचे. दगड, हां! माणसं होती का हैवान? भीमराजची बायको कस्तुरा कोसभर चालून ओढ्याच्या झऱ्यावर बसायची, वाटीवाटीनं हंडा भरायची. घरात तान्हं पोर.

डोंगराच्या पायथ्याशी एक ओस पडलेली विहीर होती. अण्णासाहेब म्हणाले, "भीमराज, रात्री आसपासचे पंप बंद असतात, पाण्याची खरी पातळी तेव्हाच कळते. दहा फूट जरी पाणी निघालं, तरी ही विहीर वस्तीसाठी मागून घेतो. माझा शब्द."

गाववाले आडवे येतील असं भीमराजला वाटलं होतं. ते उलट हसले.

"माप की," पारावरचा एक म्हातारा म्हणाला. "तुमच्याच सोजराबाईची हाय ती. चोरून पानी काढाया गेली न् आत पडली. रातभर वरडत हुती, दोर टाका, दोर टाका."

"मग?"

"मग काय? न्हाई टाकला कुनी."

आणि तंबाखू मळायला लागला, हरामखोर.

अडुसष्ट साल, मे महिन्याची सव्वीस तारीख, रविवारची रात्र. दुसऱ्या दिवशी सोमवती अमावस्या. विहिरीजवळ पोचता पोचता जीपचा रेडिएटर तापला, म्हणून इनायत डबा घेऊन ओढ्याकडे गेला. भीमराज एकटाच कठड्यावर वाकला.

मोजायचं कसं, तर पोलादी फीत, टोकाला शिशाचं वजन. फितीला खडू घासायचा आणि आत सोडायची. खडू जिथवर भिजला, तिथं पाणी; आकडा म्हणजे कठड्यापासून पाणी किती फूट खाली, तो कमी झाला की पाणी वर आलं. एकानं आकडा मोठ्यानं सांगायचा, दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा, म्हणजे चूक होत नाही. आणि माप एकदा घेऊन भागत नाही, परत परत घ्यायचं.

पहिली फीत वर आली. भीमराज सवयीनं ओरडला, "एकतीस!"

"एकतीस," आवाज आला. घोगरा. इनायत परतला असेल, त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही.

दुसरी फीत. "चोवीस!"

"चोवीस."

सात फूट पाणी चढलं होतं! भूकंपानं नेलेलं पाणी भूकंपाच्याच वाटेनं परत आलं, असं त्याला वाटलं. अहो, रडला तो. आता कस्तुराला ओढ्यावर जायला नको, वस्तीला कुणापुढं हात पसरायला नको. त्यानं भराभर खडू घासला, फीत सोडली. ती अजून वर ओढायची होती, तोच...

"सोळा."

त्यानं फीत ओढली. टॉर्च धरला. सोळा.

"इनायतभाई, तुला आधीच कसं कळलं रे?"

...

भीमराज मागं वळला. मागं कुणी नव्हतं. पार लांब, ओढ्याच्या अंगाला, इनायतचा कंदील हलत होता.

त्यानं एक धोंडा उचलला. विहिरीत टाकला. कान दिला. डुबुक वाजेल म्हणून.

ठक्क.

कोरडा खडक. पाणी नव्हतंच.

मग फीत कशानं भिजत होती?

ती अजून त्याच्या हातात होती. वजनाचं टोक धोंड्यासोबत कठड्यावरून आत गेलं होतं. सरसर उलगडत होती. थांबली. ताणली गेली. खालून कुणी दोन्ही हातांनी धरावी तशी.

"नऊ."

हा आकडा त्यानं सांगितलाच नव्हता.

आणि तेव्हा त्याला म्हाताऱ्याचं बोलणं आठवलं. दोर टाका. दोर टाका...

"आत्या," तो म्हणाला. "मी तुझ्याच वस्तीतला हाय गं. मी न्हवतो तवा... मी..."



मग हिसका. असा की तो कंबरेपर्यंत आत ओढला गेला. खालून गार, कुबट वारा तोंडावर आला.

"चार."

त्यानं फीत सोडली.

पळत तो इनायतच्या अंगावर जाऊन आदळला. उजाडेपर्यंत त्याची दातखीळ सुटली नाही.

ऊन चांगलं चढल्यावर अण्णासाहेब आले. विहीर खुली होणार ही बातमी वस्तीत पोचलेली, त्यामुळं बायका हंडे घेऊन आधीच उभ्या. अण्णासाहेबांनी आत डोकावलं. तळाला दगडगोटे, आणि त्यावर फीत पडलेली. तिच्यावरचा खडू टोकापासून पांढराफटक, कुठं थेंबाचा डाग नाही. त्यांनी 'कोरडी' असं लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

कस्तुराचा विश्वास बसेना. ती कठड्याशी गेली, वाकली आणि तिथंच थबकली.

कठड्याच्या दगडावर दोन पंजे उठले होते. ओले. बोटं बाहेरच्या बाजूला. ऊन असं की दगडाला हात लावला तर चटका बसावा. तिनं पदरानं पुसले, दगड कोरडा झाला. सगळ्यांच्या देखत पंजे पुन्हा ओले झाले.

वस्तीला त्या विहिरीचं पाणी मिळालं, ते एवढंच.