खांद्यावरून पलीकडे

फिल्म संग्रहालयातलं काम साधं होतं. दोन मूकपट पाहायचे, तुलना करायची आणि एकाचं नाव लिहून द्यायचं. ज्याचं नाव लिहीन त्याची नवी प्रत निघणार. दुसरा नष्ट करणार, कारण ती जुनी फिल्म कधी पेट घेईल याचा नेम नसतो. दोन्ही का ठेवायचे नाहीत, हे मी साहेबांना तीनदा विचारलं. पालथ्या घड्यावर पाणी.

एक होता सरहद्दीवरचा साहसपट. बर्फ, घोडे, एकटी चौकी. दुसरा प्रेमाचा विनोदी खेळ. पहिल्यात माणसं दारं फोडून आत येतात, दुसऱ्यात दारामागे लपतात. कंपन्या वेगळ्या, मध्ये अकरा वर्षांचं अंतर. संवादांच्या पाट्या मात्र दोन्हींतल्या हरवलेल्या, म्हणून मी ताईला सोबत नेलं. सातव्या वर्षी तापात तिचे कान गेले, तेव्हापासून ती ओठ वाचते. घरात माझी एकही कुजबुज तिच्यापासून कधी लपली नाही.

दुपारची वेळ. खिडक्यांना काळे पडदे, खोलीत सडत्या फिल्मचा आंबूस वास. मी दोन्ही रिळं शेजारशेजारच्या पडद्यांवर एकदम चालू केली आणि ताई तिच्या त्या सपाट आवाजात वाचून दाखवू लागली. साहसपटातला घोडेस्वार मरता मरता सोबत्याला सांगत होता की पाय उचल, माझा हात चिरडतोयस. आम्ही पोट धरून हसलो.

मग ती हसायची थांबली.

डावीकडे चौकीतला पहारेकरी दारात उभा होता. उजवीकडे नायक गुडघ्यावर बसून लग्नाची मागणी घालत होता, आणि नायिका त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

"पहारेकरी विचारतोय, दिवा लावून ठेवलास का..." ताई म्हणाली. "उजवीकडची ती म्हणतेय, ठेवलाय. पण तू अजून फार लांब आहेस..."

योगायोग, मी म्हटलं. पुन्हा सुरुवातीपासून लावलं, तर तेच. शेवटी वैतागून डावीकडचं मशीन बंद केलं. उजवीकडे नायिकेचे ओठ हलले.

"गप्प का झालास?" ताईने वाचलं, आणि माझा दंड घट्ट धरला.

साहेबांना सगळं सांगितलं. संध्याकाळपर्यंत अहवाल द्या, नाहीतर दोन्ही जातील, एवढंच ते म्हणाले. असा संताप आला, पण भांडणार कुणाशी? विनोदी खेळाची फिल्म कमी सडली होती. तेच कारण देऊन मी त्याचं नाव लिहिलं. साहसपट दुसऱ्याच दिवशी नष्ट केला. साहेबांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, स्वतःवरचा तर नाहीच.

नवी प्रत तपासायला ताई आली. त्या प्रसंगात नायिका नायकाच्या खांद्यावरून सरळ आमच्याकडे बघत होती.

"काय म्हणतेय?"

"विचारतेय, तो कुठे आहे..." ताई उठून उभी राहिली. "मी नाही उत्तर देणार, छोट्या. नाव तू लिहिलंस."

मीही दिलं नाही. प्रत दर महिन्याला तपासावी लागते आणि ते काम माझ्याच गळ्यात पडलंय. नायिका विचारते, मग ओठ मिटून थांबते. दर वेळी आधीपेक्षा जरा जास्त. काल चिडून मी रीळ मोजलं. नोंदीतल्या लांबीपेक्षा चाळीस फूट जास्त भरलं.