बिस्किटं मुलीनंच केलीत

गनीभाईंच्या बेकरीतला पंखा बंद पडला नसता, तर चांगुणाचं आयुष्य जसं बिनबोभाट चाललं होतं तसंच चाललं असतं. पण सत्तर सालची दिवाळी सरली आणि पंखा बंद पडला. तो दुरुस्त करायला आलेला माणूस शिडीवर चढला आणि पंख्याकडं बघायचं सोडून खालीच बघत राहिला.

खाली चांगुणा बसली होती. परातीत डालडा आणि पिठीसाखर घेऊन तळहातानं फेसत. नगरात तेव्हा घरची बिस्किटं म्हणजे अशीच असायची. जिन्नस घरचा, हात घरचे आणि भट्टी बेकरीवाल्याची. सकाळचे पाव निघाले की दुपारी भट्टीचा ताव उतरायचा, आणि त्या उतरत्या आचेवर गनीभाई गल्लीतल्या बायकांची नानकटाई पत्र्यांवर लावून भाजून द्यायचे. बाकीच्या बायका पीठ घरून मळून आणायच्या. चांगुणा मात्र फेसायचं काम बेकरीतच करायची. इथल्या उबेला डालडा चांगला मऊ पडतो, असं ती सांगायची. खरं कारण असं की, फेसून फेसून तिचा उजवा खांदा भरून यायचा, आणि ते आईला दिसू नये असं तिला वाटायचं.

"किती वेळ चोळायचं असतंय ह्ये?" वरून आवाज आला.

"पंखा सुरू होईपर्यंत," ती वर न बघता म्हणाली.

मग शिडी जराशी करकरली.

"मग सावकाश करतो," तो म्हणाला.

चांगुणानं वर बघितलं नाही. पण परातीतला हात एकदा उलटा फिरला... आणि एवढ्यानंही माणसाला पुष्कळ काही कळतं.

त्याचं नाव गोरक्ष. कर्जतकडचा, चांगली बागायत असलेल्या घरातला धाकटा मुलगा. नागापूरच्या एका कारखान्यात मोटारी भरायचा. मोटार जळाली की आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, याला मोटार भरणं म्हणतात. बोटं अशी चालायची की बघत राहावं. जीभ मात्र तेवढी चालायची नाही. वाक्य सुरू करायचा, निम्म्यात थांबायचा, आणि उरलेलं समोरच्यानं समजून घ्यावं अशा नजरेनं बघत राहायचा. चांगुणाला ते फार आवडलं. तरुणपणी माणसाला नेमकं तेच आवडतं, जे पुढं त्याच्या मुळावर येतं.

चांगुणा कुणासाठी बिस्किटं करायची, हेही सांगितलं पाहिजे. ज्या घरात मुलगी बघायला पाहुणे यायचे, त्या घरांसाठी. पोह्यांच्या बश्यांशेजारी घरच्या बिस्किटांची ताटली ठेवायची, मुलीनं मान खाली घालायची आणि तिच्या आईनं म्हणायचं, "बिस्किटं मुलीनंच केलीत." पाहुण्यांनी एक उचलायचं आणि मान डोलवायची. त्या वर्षी नगरातल्या लग्नाच्या मुलींची निम्मी सुगरणगिरी चांगुणाच्या तळहातात होती. तिच्या स्वतःच्या लग्नाचं मात्र कुणी नाव काढत नव्हतं. वडील नव्हते. आई राहीबाई दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करायची. छबूबाईंच्या घरामागच्या एका खोलीत दोघी भाड्यानं राहायच्या. दुसऱ्यांची जुळवून देणाऱ्या हातांना स्वतःचं जुळवता येत नाही, हे तिला कळून चुकलं होतं. त्याचं दुःख करायलाही सवड नव्हती.

पुढच्या सुट्टीला गोरक्ष बेकरीत आला तो एक यंत्र घेऊनच. भंगारातल्या पंख्याची मोटार त्यानं नव्यानं भरली होती. तिच्यावर स्टीलचा डबा बसवलेला, डब्यात करवतीच्या पट्टीचं घासलेलं पातं. पैसेवाल्यांच्या घरी तेव्हा मिक्सर दिसायला लागले होते. हा त्यांचा गरीब मावसभाऊ.

"आता खांदा दुखणार न्हाई," तो म्हणाला.

खांद्याचं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी यंत्र पिठाच्या गिरणीसारखं घरघरलं, डालडा तापून पातळ झाला आणि बिस्किटं अशी निघाली की गनीभाईंनी एक भिंतीवर आपटून बघितलं. भिंतीचा पोपडा पडला.

"अंगणात फरशी बसवायची होती का तुम्हाला?" चांगुणानं विचारलं.

तो लाजला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पुढचा आठवडाभर त्यानं डोकं चालवलं. डालडा रात्रभर माठाशेजारी ठेवायचा, घट्ट आणि गार झाला पाहिजे. बटण दाबायचं, सोडायचं. परत दाबायचं, सोडायचं. एकसारखं फिरवलं की तापतं, म्हणून थांबून थांबून. तसं केलं, आणि हां हां म्हणता डब्यात पांढरं, रवाळ पीठ तयार. जे काम निम्मी दुपार खायचं, ते चहा उकळायच्या आत झालं. बिस्किटं तोंडात टाकली की विरघळायची.

"गोड लई एकटं पडतंय," गोरक्ष खाताखाता म्हणाला. "चिमूटभर मीठ टाकून बघ."

पहिल्यांदाच तो 'बघा'वरून 'बघ'वर आला होता. तिनं मीठ टाकलं, आणि तेव्हापासून प्रत्येक घाण्यात टाकत आली. नगरातल्या पुष्कळ सासवांनी ते मीठ कौतुकानं खाल्लं.

पण झालं असं, की पीठ पटकन होऊ लागलं आणि बेकरीत बसायचं निमित्तच संपलं. यंत्र तिनं घरी नेलं. वीज छबूबाईंच्या स्वयंपाकघरात होती, तिथं ते एका कोपऱ्यात बसलं. आता बेकरीत यायचं, पत्रे द्यायचे, भाजून झाले की निघायचं. गोरक्षला हे उशिरा समजलं.

"माझ्या पायावर मीच धोंडा पाडून घेतला," तो म्हणाला.

"मग बिघडवा की जरासं."

दर सुट्टीला यंत्र 'बिघडू' लागलं. ती ते फडक्यात बांधून बेकरीत आणायची, तो सगळे स्क्रू काढून परत तेच बसवायचा.

"आज काय झालंय ह्याला?"

"काही नाही. आवाज नीट येत नाही."

"कुनाचा?"

"तुमचा," ती म्हणाली. "आठवडाभर येत नाही."

गनीभाई पाठमोरे उभे राहून भट्टीत फावडं घालायचे. त्यांना सगळं दिसत होतं. एकदा ते तिला एवढंच म्हणाले, "बेटी, बिस्कुट आणि मर्द, दोन्ही वेळेवर बाहेर काढले पाहिजेत. आत राहिले की गेले कामातून." ती हसली. हसायला नको होतं.

संक्रांतीच्या सुमाराला गोरक्षनं तिला सांगितलं. म्हणजे निम्मं सांगितलं. "मला तुझ्याबिगर..." एवढं म्हणून तो थांबला, आणि उरलेलं तिनं आपलं आपण भरून घेतलं. घरी बोलतो, म्हणाला. जातीचं काही आडवं येत नव्हतं. आडवा येत होता तो त्याच्या वडिलांचा, आण्णांचा आवाज. तो आवाज ऐकला की गोरक्षच्या तोंडचं पाणी पळायचं, लहानपणापासूनचं. ज्वारी निघू दे, मग बोलतो. बहिणीचं बाळंतपण होऊ दे, मग बोलतो. आण्णांचा दम्याचा त्रास जरा... मग नक्की बोलतो.

तेवढ्यात राहीबाईंकडं घोडेगावचं स्थळ आलं. बिजवर, पोरं असलेला, वयानं पुष्कळ मोठा. माणूस वाईट नव्हता, एवढंच त्याच्याबद्दल चांगलं बोललं जात होतं. उत्तर पाडव्याच्या आत द्यायचं होतं. राहीबाईंनी लेकीला एकदाच विचारलं, "तुझ्या मनात दुसरं काही असंल तर आत्ताच सांग. मी पदर पसरून थांबवीन त्यांना." चांगुणा म्हणाली, थांबव. आईनं पुढं काही विचारलं नाही. गोरक्षला तिनं हे सगळं सांगितलं तेव्हा त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. ह्या महिन्यात बोलतो, म्हणाला. शपथ घेतली. चांगुणा त्या दिवसाकडं डोळे लावून बसली.

फाल्गुनातल्या एका सकाळी छबूबाई धावत मागच्या खोलीत आल्या. त्यांच्या लेकीला, मथुराला बघायला पुढच्या आठवड्यात येणारे पाहुणे आजच आले होते, एसटी स्टँडवर उतरलेसुद्धा. घरात काही नाही. बाजारची बिस्किटं ठेवली तर लोक काय म्हणतील? "चांगुणा, तुझ्या त्या यंत्रावर होतील का गं एवढ्यात?"

पूर्वीचे दिवस असते तर ती म्हणाली असती, एवढ्यात कशी होतील, चेष्टा आहे का. आता म्हणाली, होतील.

बटण दाबलं, सोडलं. दाबलं, सोडलं. पीठ झालं. गनीभाईंच्या भट्टीचा ताव अजून उतरला नव्हता, तरी पळत जाऊन तोंडाशीच पत्रे सरकवले, गरम गरम बिस्किटं फडक्यात गुंडाळून आणली. तोवर बाहेरच्या खोलीत पाहुणे टेकले होते. स्वयंपाकघरात मथुरा नऊवारी सावरत उभी होती. चांगली पोर, साधी. घाबरून विचारत होती, "चांगुणाताई, बिस्किटं कशी केली म्हणून विचारलं तर काय सांगू?"

"सांग, तूप गार ठेवायचं. आणि यंत्र थांबून थांबून फिरवायचं."

मथुरानं ते दोनदा घोकलं आणि ताटली घेऊन बाहेर गेली. चांगुणा पडद्यामागं उभी राहिली. दर वेळी राहायची, आपल्या बिस्किटांचा निकाल ऐकायला.

छबूबाई म्हणाल्या, "बिस्किटं मुलीनंच केलीत." एका जाड, घोगऱ्या आवाजानं विचारलं, कशी करतेस गं मुली. मथुरानं बिनचूक सांगितलं. तूप गार ठेवायचं, आणि थांबून थांबून.

बशीवर चमचा वाजला, एवढंच.

"का रे," तो जाड आवाज म्हणाला, "तू खाल्लंस का? कशी झालीत?"

मग शांतता. चांगुणाला ती शांतता ओळखू आली. आवाज यायच्या आधीच ओळखू आली. निम्म्यात थांबलेल्या माणसाची शांतता होती ती.

"चांगली झालीत," गोरक्ष म्हणाला.

तिनं पडदा हातात धरला. फट केली नाही. बघून काय करायचं होतं? त्याच्या जिभेवर या क्षणी मीठ आहे, हे तिला ठाऊक होतं. ज्या घरात तो बसलाय ते कुणाचं, मागं कोण राहतं, हे त्याला माहीत नसेल. पण घासात कोण आहे ते त्याला कळलंय. आणि कळून तो म्हणाला, चांगली झालीत.

थोड्या वेळानं हात धुवायच्या निमित्तानं तो मागच्या अंगणात आला. चांगुणा न्हाणीजवळ उभी होती. इस्त्रीच्या सदऱ्यात तो लग्नातल्या करवल्यासारखा दिसत होता. एरवी ती हे बोलली असती आणि दोघं हसली असती.

"मला कायबी माहीत नव्हतं," तो म्हणाला. "नगरला काम हाय म्हनाले आण्णा. हितं आल्यावर कळलं. देवाशप्पत."

"मानलं. आता तर कळलंय ना?"

"व्हय."

"मग आत जाऊन सांगा. मुलगी वाईट नाही, पण माझं मन दुसरीकडं आहे, एवढंच. तिच्याही जन्माचा प्रश्न आहे."

"सांगतो. पन... चारचौघांत कसं? घरी गेल्यावर आण्णांना एकटं गाठून —"

"घरी गेल्यावर तुम्ही ज्वारीबद्दल बोलाल," चांगुणा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी तुमच्याकडं आजवर काही मागितलं नाही. आज मागते. दार हे इथं आहे. माझं नाव नका घेऊ हवं तर. नुसतं नको म्हणा."

तो दाराकडं बघत राहिला. ओठ हलले. हातातून पाणी गळत होतं, ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. डोळे भरून आलेले. त्याचं तिच्यावर प्रेम होतं, यात तिला शंका नव्हती. तीच तर पंचाईत होती. प्रेम नसतं तर सोपं गेलं असतं. मग त्यानं एक खोल श्वास घेतला, खांदे सरळ केले, आणि त्या क्षणी — अगदी त्या क्षणापुरतं — तिला वाटलं, हा बोलणार.

"गोरक्ष," आतून हाक आली.

"आलो, आण्णा."

इतक्या पटकन उत्तर देताना तिनं त्याला कधीच ऐकलं नव्हतं. ना अडखळणं, ना थांबणं. शब्द बाहेर पडले आणि त्यांच्या मागोमाग पायही निघाले. दारात त्यानं एकदा मागं बघितलं. आपण बोलणार नाही, हे कदाचित त्याला स्वतःलाही तेव्हाच कळलं असेल.

आत आवाज वाढले. मग हसणं. साखर आणा, कुणीतरी म्हणालं. छबूबाईंचा आवाज आनंदानं चिरकला.

चांगुणा दगडावर बसून राहिली. रडू येईल म्हणून तिनं वाट बघितली. आलं नाही. ऊन चढलं, न्हाणीपुढचं ओलं सुकलं. आई दोनदा दारात येऊन लेकीचा चेहरा बघून गेली, आणि ज्या अर्थी बोलली नाही त्या अर्थी तिला सगळं समजलं होतं.

पाहुणे गेल्यावर मथुरा पळतच मागं आली. तोंडावर लाली, कपाळावर नवं ओलं कुंकू. चांगुणाच्या शेजारी टेकली, तिचा हात हातात घेतला. सगळं ठरलं म्हणाली, वैशाखातला मुहूर्त धरायचा म्हणतात. मग आवाज बारीक करून म्हणाली, "चांगुणाताई, ते फार बोलत नाहीत गं. पण बिस्किटं आवडली त्यांना. निघताना एक उचलून खिशात घातलं, मी बघितलं. लग्नानंतर मागितली तर माझी फजिती होईल. मला शिकवशील?"

चांगुणानं तिच्या कपाळावरून ओघळलेलं कुंकू पदरानं टिपलं. वेळ लागला तिला. पोरीचा चेहरा इतका मोकळा होता, की त्यात राग टेकवायला जागाच सापडेना.

"शिकवीन की," ती म्हणाली. "पण उद्याच ये. पाडव्यानंतर मी घोडेगावला असेन."