मालक १०१७

आर्डिस टोफ्टे स्वभावानेच संशयी. नवऱ्याने प्रेमाने कॉफी करून दिली तरी आधी वास घेणार, मगच घोट घेणार. अशा बाईकडे इस्पितळाच्या सर्व्हरची राखण आली, हे एका परीने बरंच झालं होतं. सुपीरियर सरोवराच्या काठावरचं ते लहानसं इस्पितळ. तिसऱ्या मजल्यावर सध्या तिची स्वतःची आई, हेझल, हृदयाचं दुखणं घेऊन पडली होती.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी आईला सूप भरवून आर्डिस तळघरात उतरली, ती दहा मिनिटांच्या कामासाठी. कोणत्या रुग्णाला कोणतं औषध नि जेवण किती द्यायचं, हे ज्या डेटाबेसमध्ये होतं त्याच्या फाइली सताड उघड्या होत्या. सर्व्हरवर ज्याचं खातं असेल त्याने यावं, हवं ते बदलावं आणि मागमूस न ठेवता निघून जावं. आणि कुणीतरी तसं करत होतं. महिन्याभरात सात रुग्णांचे डोस बदलले गेले होते. कुणी, ते कळत नव्हतं.

तळघरात पंख्यांची घरघर होती आणि तापलेल्या धुळीचा वास. तिचा साठीचा सहकारी गॉर्डी हॉटडिशचा, म्हणजे खिमा-बटाट्याच्या भाजलेल्या जेवणाचा, डबा उघडून बसला होता. आर्डिसचा पहिला संशय त्याच्यावरच होता.

"या फाइली अशा उघड्या कुणी ठेवल्या?"

"वर्नने. तुझ्या आधी याच खुर्चीत बसायचा तो. एकदा काहीतरी चालेना, म्हणून सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाकली. तात्पुरती हं!" गॉर्डी हसला. "अकरा वर्षं झाली त्याला."

या धंद्यात असं करणारा वर्न काही एकटा नव्हता. आर्डिसने नाक मुरडलं आणि फाइलीचा मालक व डेटाबेस सोडून बाकी सगळ्यांना दार बंद केलं. खात्री करायला पुन्हा पाहिलं.

फाइली उघड्याच होत्या.

तिने परत बंद केल्या. परत उघड्या.

"गॉर्डी, मस्करी पुरे झाली."

"अगं, माझ्या हातात काटा आहे. कीबोर्ड तुझ्यापुढे आहे!"

सर्व्हरवर आत्ता कोण कोण आहे, याची यादी तिने काढली. तिच्या एकटीचंच नाव होतं. मग तिची नजर मालकाच्या रकान्यावर गेली. तिथे नाव असायला हवं होतं. नुसता आकडा होता, १०१७.

"हा कोण?"

गॉर्डीचं चावणं थांबलं. "तो... वर्नचा नंबर. त्याला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी वरून हुकूम आला, खातं काढून टाक. मी काढलं. नाव गेलं. फाइली राहिल्या, त्यांच्यावरचा नंबर राहिला..."

आर्डिसने ओठ घट्ट मिटून फाइलींचा मालकच बदलला. आता १०१७ परका झाला, त्याला फाइली पुन्हा उघडता येणार नव्हत्या. या वेळी दार बंद राहिलं. सर्व्हरच्या कपाटातून आतल्या बाजूने एक ठोका आला. जरा वेळाने दुसरा.

"पत्रा तापला की वाजतो..." गॉर्डी पुटपुटला. त्याचं त्यालाच पटलेलं दिसत नव्हतं.

या माणसाने सात जणांचं काय केलं, ते तरी बघावं म्हणून तिने जुना बॅकअप काढून आकडे ताडून पाहिले. एका म्हाताऱ्याला कुणीतरी पाचाऐवजी पन्नास लिहिलं होतं. त्याचे पाच झाले होते. एका पोराचं दुप्पट औषध निम्म्यावर आलं होतं. साती ठिकाणी चूक माणसांची होती, आणि १०१७ने ती दुरुस्त केली होती.

"वर्न आकड्यात कधी चुकला नाही," गॉर्डी हळूच म्हणाला.

आर्डिसने घाईघाईने आईची नोंद उघडली. दोन वाजताचा डोस, १.२५. रोजचा होता ०.१२५. तिने धडपडत वरच्या नर्सला फोन लावला.

"कोरीन, आईचं औषध देऊ नकोस! दहापट लिहिलंय!"

"अगं बाई! अजून दिलं नाहीये. डॉक्टरांना सांगून लगेच दुरुस्त करून घेते."

तिने फोन ठेवला. आज तिने पाहिलं म्हणून. उद्या कोण पाहणार? तिने फाइली परत वर्नच्या नंबरवर केल्या.

"सोमवारी तपासणीला माणसं येणार आहेत," गॉर्डी म्हणाला. "नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ दे. माझी आई आहे वर."

पंख्यांची घरघर उतरली. पडद्यावर आईच्या पुढचा आकडा तिच्या डोळ्यांदेखत बदलला. आर्डिसने सुटकेचा श्वास सोडला. मग तिने आकडा वाचला.

०.१२५ नव्हता. शून्य होता.

खालच्या औषधापुढेही शून्य. त्याच्या खाली रात्रीच्या जेवणापुढेही शून्य.

"कोरीनने केलं असेल..." गॉर्डी म्हणाला.

बदल करणाऱ्याच्या जागी, जी आजवर कोरीच असायची, १०१७ होतं. शेजारी बदलाची वेळ होती, एक अठ्ठावन्न. आर्डिस खुर्ची पाडून जिन्याकडे धावली. गॉर्डीने मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिथे आत्ता कुठे एक शेहेचाळीस झाले होते.