तरंगत्या बेटांमधली वाट

इबेराच्या दलदलीत यंदाच्या वसंतात लाल डोक्याच्या फेडेराल पक्ष्याचं घरटं कुणालाच सापडलं नव्हतं. ते हुडकायचं आणि दुपारच्या आत परतायचं, असा नोएमीचा बेत होता. घरी सासूपाशी तिची चार महिन्यांची लेक इरुपे होती. आईच्या दुधाखेरीज ती कशाला तोंड लावत नव्हती.

उजाडताच तिनं आणि धाकट्या दिरानं, रुफिनोनं, भाताच्या बांधावरून होडी ढकलली. तुंबलेल्या खाचरांत शेकाटे पक्षी लांब पाय टाकत चरत होते. पुढं दलदल लागली. गाऊचितो हिल या लोकसंताचं नाव घेऊन रुफिनो प्रत्येक वळणावर बोरूला लाल फीत बांधू लागला. संत वाट दाखवतो, तुम्ही निवांत पक्षी बघा, असं त्यानं वहिनीला बजावलं.

नऊच्या सुमारास चोचीत गवत धरलेला फेडेराल समोरच्या बोरूत शिरला. घरटं तिथंच! तेवढ्यात दक्षिणेचा वारा सुटला. नोएमीला पान्हा फुटला, पोलकं भिजलं.

“भाऊजी, फिरवा होडी.”

“अहो वहिनी, पन्नास हात राहिलेत!”

“घरटं थांबेल. इरुपे नाही थांबायची.”

तो कुरकुरत वळला. पहिल्या वळणावर फीतच नव्हती. मग ती दिसली. लांब, उलट्या दिशेला, सावकाश चाललेली! रुफिनोनं फिती तरंगत्या बेटांवरच्या बोरूला बांधल्या होत्या, आणि वाऱ्यानं बेटंच हलवली होती. वाट मिटली. त्यानं होडी रेटायचा बांबू खुपसला. तळ लागेना! त्याचा चेहरा उतरला.

नोएमीनं त्याला थांबायला सांगितलं आणि आभाळाकडे पाहत राहिली. शराटी पक्ष्यांचा थवा गेला. थोड्या वेळानं दुसरा, त्याच रेषेत. रात्री दलदलीत झोपणारे हे पक्षी सकाळी भातात चरायला जातात, हे तिनं कित्येकदा वहीत टिपलं होतं.

“यांच्या मागे चला.”

बोरू आडवा आला. दोघांनी पातळ जागा हेरून तो फाडला. काठावरची सुसर सळकन पाण्यात गेली. नोएमीनं बोरू धरून होडी पुढं ओढली. पुन्हा थवा, पुन्हा थोडं डावीकडे. अखेर बांबू चिखलाला टेकला!

बांधावर सासू रडणाऱ्या नातीला घेऊन येरझाऱ्या घालत होती. नोएमी चिखलातच बसली, लेकीला पाजायला छातीशी ओढलं. रडं थांबलं. डोक्यावरून आणखी एक थवा गेला. या वसंतात पहिल्यांदाच तिनं मान वर केली नाही.