तिसरा डोस शनिवारी

नर्सबाईंशी गोड बोलण्यात आकारामचा फायदा सरळ होता. गल्लीतल्या बाळंतिणी उद्या तिचं ऐकायला लागल्या, तर दूध कुणाचं घ्यावं हेही तिलाच विचारणार. तिनं नुसतं ‘आकारामच्या म्हशीचं’ म्हटलं की काम झालं. प्रेमाचा या हिशेबात कुठंही संबंध नव्हता. तो नंतर शिरला, आणि शिरला तो आधीची सगळी बेरीज बिघडवूनच.

साल एकोणऐंशीचं. कोल्हापुरात गंगावेशीच्या मागच्या गल्लीत आकारामच्या वडिलांचा, केरबांचा, दुधाचा कट्टा होता. कट्टा म्हणजे दुकान नव्हे. संध्याकाळ झाली की आकाराम म्हशी आणून रस्त्याच्या कडेला उभ्या करी आणि गिऱ्हाइकासमोर ग्लासात धार काढून देई. ग्लास हाताला कोमट लागला पाहिजे, फेस मिशीला लागला पाहिजे, ही तिथली रीत. तालमीतली पोरं यायची, पेन्शनर यायचे, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया यायच्या.

त्या संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. पालिकेच्या माता-बाल केंद्रातली नवी नर्स, त्रिशला, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात थर्मास घेऊन गल्लीच्या तोंडाशी आली. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात लस. आणि समोर, गल्लीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एक म्हैस.

“अहो, म्हैस जरा बाजूला घेता?”

“आत्ता न्हाय हलायची,” म्हशीखाली बसलेल्या माणसानं वर न बघता सांगितलं. “पान्हवलीया. आत्ता हलवली तर दूध चोरती, आन् चार दिस माझ्याशी बोलत न्हाय.”

“माझा बर्फ वितळतोय.”

“मग तिलाच सांगा की. शेवंती म्हणत्यात तिला.”

एवढं बोलून त्यानं वर पाहिलं. छत्रीच्या काठावरून एक थेंब तिच्या मनगटावर पडला, तिथून थर्मासवर… आणि त्याचा हात थांबला. शेवंतीनं पाय आपटला.

“धार थांबली तुमची,” त्रिशला म्हणाली. “आता बोलेल का ती तुमच्याशी?”

मागं कुणीतरी खुदकन हसलं. आकारामनं ग्लास पुरा भरला आणि तिच्यापुढं धरला. “घ्या पावणं. राग न्हाय ना?”

“राग नाही. पण मी कच्चं दूध घेत नाही. उकळून द्याल तर घेते.”

कट्ट्यावरच्या सगळ्या माना वळल्या. देवळात शिरून पुजाऱ्याकडं विडी मागावी, तसं काहीतरी तिनं केलं होतं. खुर्चीवर बसलेल्या केरबांनी डोळे बारीक केले.

“कुठल्या गावचं म्हणायचं हे?”

“हातकणंगल्याकडची आहे.”

“तिकडं दूध चुलीवर जाळत्यात व्हय?”

“हो काका. म्हणूनच तिकडं लेकरं जुलाबानं जात नाहीत.”

हे पूर्ण खरं नव्हतं. हातकणंगल्याकडंही लेकरं जात होती. पण बोलताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही, आणि आकाराम तेवढ्यावरच अडकला.

आता त्रिशलाची बाजू. तिचे वडील बाहुबली अण्णा जैन शेतकरी. ऊस, थोडी द्राक्षं, आणि गावात मानाचं नाव. मुलीला नर्सिंग शिकवलं म्हणून भावकीनं त्यांना आधीच पुरेसं बोलून घेतलं होतं. जयसिंगपूरचं एक कापड-दुकानवाल्यांचं स्थळ ठरल्यात जमा होतं. अण्णांनी शब्द दिला होता, फक्त एक सवलत ठेवून: केंद्र चालू आहे तोवर पोरगी नोकरी करेल, बंद झालं की त्याच आठवड्यात घरी. आणि केंद्र बंद होण्याच्याच रस्त्याला होतं. ट्रिपल लसीच्या पहिल्या डोसाला बाया लेकरं घेऊन येत. रात्री लेकराला ताप चढे. दुसऱ्या डोसाला निम्म्या बाया गायब होत आणि तिसऱ्याला नर्सबाई आणि बाकडं, दोघंच. मोठ्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी तिसऱ्या डोसाला गल्ली आली नाही, तर हे केंद्र दुसऱ्या पेठेत हलवू आणि तिथं नर्स आधीच आहे. म्हणजे त्रिशलाची नोकरी संपली. आणि जयसिंगपूर तिला नको होतं.

गौरी-गणपती झाल्यावर आकाराम केंद्रात आला तो भांडायला. त्याची बहीण बाळंतपणाला माहेरी आलेली. तिच्या लेकराला आदल्या दिवशी सुई दिलेली.

“काय वो बाई, पोरगं तव्यासारखं तापलंय. काय घातलंत त्यात?”

“घटसर्पाची, डांग्या खोकल्याची आणि धनुर्वाताची लस घातली. ताप येतो. उद्यापर्यंत जातो. अंगावर पितंय का?”

“पितंय की. चावतंय बी.”

“मग चांगलं आहे. परवा ताप असला तर घेऊन या, तेव्हा भांडू.”

परवा तो आला. लेकरू नव्हतं आणलं, कारण ताप गेला होता. मग आला कशाला, हे त्यालाही नीट सांगता येईना. दारात उभा राहून तो भिंतीवरचा तक्ता वाचत राहिला.

“हे तापाचं बायांना सांगत का न्हाय तुमी?”

“सांगते. रोज सांगते. बाळाबाई काय म्हणतात ठाऊक आहे? ‘स्वतःला लेकरू न्हाय, ही काय तापाचं सांगती.’”

बाळाबाई म्हणजे गल्लीतली सुईण. निम्मी गल्ली तिच्या हातावर जन्मली होती, आकारामसुद्धा.

“तुमच्या कट्ट्यावर रोज तीस बाया येतात,” त्रिशला म्हणाली. “तुम्ही सांगा.”

“मला तरी कुठं लेकरू हाय?”

“म्हशी आहेत. तुमचं ऐकतात.”

आकारामनं पाहिलं, की सौदा करायची हीच वेळ आहे. “मी तापाचं सांगतो. तुमी म्हणायचं, आकारामचं दूध चांगलं.”

“चांगलं आहेच. उकळून द्या, मग म्हणते. आणि सहा महिन्यांच्या आतल्याला आईचंच, हेही तुम्हीच सांगायचं.”

“म्हंजे गिऱ्हाईक मी घालवायचं?”

“थोडं.” ती हसली… आणि तिथंच, शहाण्या माणसानं निघून जावं अशा जागी, आकारामनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर शेगडी आली, पातेलं आलं. केरबा एवढंच म्हणाले, “आता बशा बी आण. भजी तळ.” तालमीतली पोरं तर कोपऱ्यावरूनच ओरडायची, “आकाराम, एक कटिंग,” आणि पुढच्या कट्ट्यावर जायची. गंगावेशीत दूध उकळणारा पहिला म्हशीवाला म्हणून त्याचं नाव रंकाळ्यापर्यंत पोचलं, आणि ते काही मानानं पोचलं नाही.

त्रिशला रोज केंद्र बंद करून तपासायला येई. दूध तपासायला, असं ती म्हणे.

“वर आलं का?”

“दोनदा आलं. उतू बी गेलं. बगा, हात भाजलाय.”

“दाखवा.”

“न्हाय दाखवत. तुमी सुई काडशीला.”

“तुम्हाला सुईची भीती वाटते?”

“मला न्हाय. शेवंतीला वाटती.”

ती ग्लास दोन्ही हातांत धरून, फुंकर घालून, अगदी सावकाश पीत असे. आकारामची पाठ तिच्याकडं असे, पण धार काढताना त्याचा ताल चुके, तेव्हा शेवंतीसुद्धा मान वळवून बघे, हे कोण आलंय म्हणून. बाया बघतच होत्या. बाळाबाईनं तर एकदा विचारलंच, “बाई, दूध रोज नासतंय काय, रोज तपासताय ते?” त्रिशला कानापर्यंत लाल झाली आणि उरलेलं दूध एका घोटात पिऊन जीभ पोळून घेतली.

बाया तापाचं ऐकत होत्या, माना हलवत होत्या. पण यायच्या किती, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. वसुबारसेला त्रिशला कट्ट्यावर आली ती उभीच राहिली.

“अण्णांचा निरोप आलाय. डोसाच्या शनिवारी ते स्वतः येणार आहेत. केंद्राचं काय होतंय ते बघून… मला घेऊन जायला.”

“जयसिंगपूर?”

“जयसिंगपूर.”

एरवी चार गल्ल्यांना ऐकू जाईल असा आकारामचा आवाज. तो त्या संध्याकाळी कुठंतरी पडून राहिला.

पाडव्याला कोल्हापुरात म्हशींचा मान असतो. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, गळ्यात घुंगरू, अंगाला तेल. अंगावरचे केस भादरून नक्षी काढायची: कुणी तालमीचं नाव, कुणी घराण्याचं, कुणी वाघ काढायला जातो आणि मांजर होतं. मग मालक पुढं आणि म्हैस मागं, अशी पळवायची. केरबांच्या शेवंतीनं सलग काही वर्षं पेठेत कुणाला पुढं जाऊ दिलं नव्हतं. केरबा नवं धोतर नेसून वाट बघत होते.

शेवंती आली. शिंगं लाल, तेलानं अंग काळंभोर, आणि उजव्या कुशीवर ढळढळीत अक्षरं:

ताप येतो. जातो. तिसरा डोस शनिवारी.

“हे काय रं?” केरबांनी विचारलं. “घराण्याचं नाव कुठाय?”

“जागा उरली न्हाय, आप्पा.”

“पळव तरी.”

“पळत्या म्हशीवरचं कोण वाचणार?”

त्यानं शेवंतीला पळवलं नाही. बाकीच्या म्हशी धूळ उडवत पुढं गेल्या, शिट्ट्या झाल्या, कुणीतरी दुसरंच पहिलं आलं. आकाराम शेवंतीला दोरीनं धरून एकेका गल्लीतून चालवत राहिला, दारादारात उभी करत. पोरं मोठ्यानं वाचत, न वाचता येणाऱ्या बाया विचारत. हसणं तर सगळीकडंच होतं. बाळाबाईनं दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, “म्हशीला कळलं ते मला कळू ने, असं काय न्हाय. सांगती मी बी.”

केंद्राच्या दारात त्रिशला उभी होती. तिनं अक्षरं वाचली. मग शेवंतीला वळसा घालून दुसऱ्या कुशीकडं गेली. तिथं नुसतं तेल चमकत होतं.

“ही बाजू मोकळी का ठेवली?”

“त्या बाजूला काय लिव्हायचं… ते तुमास्नी इचारून लिव्हायचं होतं.”

ती बराच वेळ म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. “हे केस परत यायला किती दिवस लागतात?”

“थंडी सरंपातूर.”

“मग लिहू नका. थंडीभर लोक वाचतील.” तिचा आवाज या वेळी मात्र हलला. “तोंडानं सांगा.”

आकारामनं घसा खाकरला. दोरी या हातातून त्या हातात घेतली. “जाऊ नका,” तो म्हणाला, इतक्या हळू की शेवंतीचे घुंगरू त्यापेक्षा मोठे वाजत होते. “मला… बरं वाटणार न्हाय.”

“एवढंच?”

“लई बरं वाटणार न्हाय.”

शनिवारी दहाच्या एस.टी.नं अण्णा आले. केंद्राच्या पायरीपासून गल्लीच्या तोंडापर्यंत बाया, कडेवर लेकरं, आणि लेकरांच्या रडण्यानं छप्पर उडायचं बाकी. पुढं बाळाबाई, कुणाला रांग मोडू देत नव्हती. मोठे डॉक्टर येऊन बघून, केंद्र इथंच राहील म्हणून सांगून गेले. अण्णा कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसले. बायांना ओळीत उभं करणारा एक आडदांड गडी त्यांना दिसत होता.

“तो कोण?”

“म्हशीवाला आहे, अण्णा.”

“म्हशीवाला इथं काय करतोय?”

त्रिशलानं एका लेकराच्या मांडीवर कापूस दाबून धरला. “थांबलाय.”

“कशासाठी?”

“माझ्यासाठी.”

अण्णा रांग संपेपर्यंत बाकड्यावर बसून राहिले. मग आकारामला जवळ बोलावलं.

“खाणं काय तुझं?”

तालमीत वाढलेला कोल्हापूरचा गडी. त्यानं खोटं बोलायचा विचार केला असेल, पण वेळ लागला. “सगळंच हाय, अण्णा.”

“सोडशील?”

आकारामनं एकदा त्रिशलाकडं पाहिलं. ती सुया उकळत होती, त्याच्याकडं बघतही नव्हती. “सोडलं.”

“म्हणायला सोपं असतंय.” अण्णा उठले, टोपी नीट केली. “पोरगी देतो म्हणत न्हाय मी. घेऊन चाललो असं बी म्हणत न्हाय.” आणि परतीच्या एस.टी.ला एकटेच गेले.

लग्न कचेरीत सह्या करून झालं. आता कुणाचं काय गेलं, ते.

लेकरांचा एक रात्रीचा ताप गेला. त्यांना आठवत नाही. आकारामचं मटण गेलं, ते त्याला अजून आठवतं, विशेषतः रविवारी. तालमीतले मित्र थोडे गेले, थोडे उकळलेल्या दुधाला परत आले. केरबांना यातून काहीच मिळायचं नव्हतं, तरी घरातला पांढरा रस्सा बंद झाला तो त्यांचाही. ते आता मेव्हण्याकडं जेवायला जातात आणि सुनेचं नाव काढत नाहीत, चांगलं किंवा वाईट. त्रिशलाला नोकरी राहिली, माणूस मिळाला. माहेरची दिवाळी मात्र दोन वर्षं झाली नाही.

त्या दोन वर्षांनी आई भेटायला आली, तेव्हा तिनं सांगितलं. त्या शनिवारी कोल्हापूरहून निघालेले अण्णा घरी उतरलेच नव्हते. तसेच पुढं जयसिंगपूरला गेले होते. दिलेला शब्द परत मागायला, टोपी हातात घेऊन, एकटे. त्या लोकांनी त्यांना दारातच उभं ठेवलं, पाणीही विचारलं नाही, आणि अण्णांनी ते सगळं ऐकून घेतलं. पोरीला त्यांनी ‘हो’ कधी म्हटलं नव्हतं. किंमत मात्र सगळ्यांत जास्त त्यांनीच मोजली, आणि सगळ्यांच्या आधी.