एकाच घोडीचे चार नमुने

त्यांची पहिली भेट झाली तेव्हा त्याच्या हातात घोडीचा मेंदू होता.

पहिल्या भेटीला माणसं फुलं आणतात, निदान कोरडे कपडे तरी घालतात. हा आला तो बर्फाचा डबा छातीशी कवटाळून, केसांतून पावसाचं पाणी निथळत, लॅबच्या मागच्या दारानं. त्याच दारानं ती बाहेर पडत होती. टक्कर झाली. डबा वाचला. तिचा चष्मा फरशीवर घसरत टेबलाखाली गेला.

"जपून... मेंदू आहे," तो म्हणाला.

"मग समोर बघून चालायला काय झालं होतं?"

त्याचे कान लाल झाले. "माझा नाही. घोडीचा. शिवाय यकृत, प्लीहा आणि रक्त."

त्यानं वाकून चष्मा काढला, स्वतःच्या ओल्या सदऱ्याला पुसला आणि होता त्याहून मळवून परत दिला. सदऱ्याला गवताचा आणि घोड्याचा वास होता. तिनं तो चष्मा दिवसभर तसाच घातला. जग जरा धूसर दिसत होतं, पण तिची तक्रार नव्हती. ही नोंद घेण्याजोगी गोष्ट होती, कारण तक्रार आणि शंका हे तिचे दोन उजवे हात होते. लॅबमध्ये तिला सगळे शंकाताई म्हणत. वजनकाट्यावरही तिचा विश्वास नव्हता. ती त्याचं वजन तपासायची.

तो घोड्यांचा डॉक्टर. त्याची आत्या गावाबाहेर घोडेस्वारीची शाळा चालवायची. तिथली तपकिरी घोडी परत परत ताप येऊन, रक्त आटून गेली होती. तिच्या अंगातल्या विषाणूची जनुकं अक्षर अक्षर लावून वाचायची, आणि तो मेंदूत, यकृतात, प्लीहेत, रक्तात सारखाच आहे का ते बघायचं, हे शंकाताईचं काम.

दोन दिवसांनी तो डबा न्यायला आला. उभा राहिला, खिडकीबाहेर बघितलं, "येतो" म्हणाला आणि डबा तिथंच विसरून गेला. मग डब्यासाठी पुन्हा आला. या खेपेला डबा नेला, झाकण तिथंच विसरून.

"हा माणूस बोलतो की नाही?" लॅबच्या प्रमुख बाईंनी विचारलं.

"बोलतो की. 'येतो' म्हणतो."

"अगं, पण जात तर नाही!"

इथवर सगळं छान चाललं होतं. मग निकाल आला.

मेंदूतला विषाणू आणि रक्तातला विषाणू एकमेकांना ओळखही दाखवत नव्हते. थोडाथोडका फरक तिनं धरलाच होता. हा फरक दोन वेगळ्या घरांतला वाटावा असा होता. तिनं सगळं पुन्हा केलं. तेच. शेवटी तिनं त्याला बोलावून घेतलं.

"घोडीचं रक्त कधी काढलं होतं?"

"ती जायच्या दिवशी सकाळी."

"त्याच वेळी आणखी कुणाचं काढलं?"

"आजोबांचं. मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी."

आजोबा म्हणजे तबेल्यातला दुसरा, आणि आता एकुलता एक घोडा. पांढरा, म्हातारा, अर्ध्या गावाला पाठीवर बसवून झालेला.

"मग बाटल्या बदलल्या," ती म्हणाली. "माझ्याकडे मेंदू घोडीचा आहे आणि रक्त आजोबांचं."

"नाही बदलल्या."

"दोन विषाणू म्हणजे दोन घोडे. साधी गोष्ट आहे."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय म्हणताय?" त्याचा आवाज चढला नाही, उतरला. "हा रोग असलेल्या घोड्याला जगू देत नाहीत. नियम आहे. तुमचा अहवाल गेला की दुसऱ्या दिवशी सुई घेऊन येतील. आणि ती सुई मलाच टोचायला लावतील."

"आजोबांची चाचणी..."

"रोग ताजा असला तर चाचणी फसते. हे तुम्हीच मला सांगितलंत, पहिल्या दिवशी. त्यामुळे चाचणी स्वच्छ आली तरी त्यांना सोडणार नाहीत."

तो 'येतो' न म्हणता गेला. झाकणही राहिलं.

बाई म्हणाल्या, "अहवाल सोमवारी पाठवायचाय. खात्री आहे ना तुझी?" आयुष्यात पहिल्यांदा शंकाताईला स्वतःचीच शंका आली, आणि ती पाहुण्यासारखी दोन दिवस मुक्काम ठोकून बसली. बाटली आजोबांची असेल, तर रक्तात जनुकंही आजोबांची सापडतील. विषाणूंचं अक्षर न् अक्षर वाचलं, पण ते ज्या घोड्यात होते त्या घोड्याला विचारायचं राहूनच गेलं होतं!

ती तबेल्यात पोचली तेव्हा आत कुणीतरी अखंड बडबड करत होतं.

"...आणि नखरे बघा यांचे! गाजर सोलून पाहिजे? आत्यानं मलाही कधी सोलून दिलं नाही. पाय उचला. उचला म्हणतो ना, राजे. हां. शहाणं माझं बाळ ते..."

खरारा करता करता तो वळला आणि ती दिसली. बडबड नळ बंद केल्यासारखी थांबली.

"तुमच्याविरुद्ध पुरावा न्यायला आलेय," ती म्हणाली. "आयाळीचे चार केस. मुळासकट."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग बाजूला सरकला. "डावीकडून घ्या. उजवीकडे त्यांना गुदगुल्या होतात."

तिनं केस उपटले. आजोबांनी मान वळवून तिच्या खांद्यावर एक लांब, उबदार उसासा टाकला. एवढ्यात आत्या चहा घेऊन आली, शंकाताईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पुतण्याला म्हणाली, "हीच का झाकणवाली?"

"आत्या..."

"मी काही बोलले नाही हो."

तिनं चहाचा कप घेतला. आजोबांनी तेवढ्यात तिच्या ओळखपत्राची फीत चघळून घेतली.

सोमवारी सकाळी निकाल हातात आला. मेंदू, यकृत, प्लीहा, रक्त... चारही एकाच घोडीचे. आजोबांचा एक केसही त्यात कुठं नव्हता. बाटल्या बरोबर होत्या. चुकली होती ती. विषाणू एकच शिरला होता. रक्तात अंगातले पहारेकरी सारखे मागे लागल्यामुळं वेष बदलत राहिला, आणि मेंदूत, पहारा कमी तिथं, आपल्या जुन्याच रूपात बसून राहिला होता.

बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हे तर पहिल्यापेक्षा मोठं निघालं. आता लिहायला बस."

"बसते. आधी एकाला सॉरी म्हणून येते."

"फोन आहे की."

"फोनवर तो 'येतो' म्हणेल."

पाऊस भुरभुरत होता. तो तबेल्याच्या दारातच उभा होता, जणू सकाळपासून. तिनं धापा टाकत सांगितलं, "एकच घोडी. चारही नमुने तिचेच. आजोबांचा काही संबंध नाही. मी चुकले."

तो आत गेला, आजोबांच्या मानेवर कपाळ टेकलं आणि बराच वेळ तसाच राहिला. त्याची पाठ हलत होती. ती दुसरीकडे बघत राहिली. छपरावरून गळणारं पाणी एकाएकी फार बघण्यासारखं झालं होतं.

"मलाही वाटलं होतं," ती हळूच म्हणाली, "की तुम्ही दोघं आहात. लॅबमधला एक, तो मुका. आणि इथला... जो घोड्याला बाळ म्हणतो."

"एकच आहे." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "तिथं जरा... पहारा जास्त असतो."

"कुणाचा?"

"तुमचा. तुम्ही असं बघता चष्म्यातून, की माणसाला आपलं नावसुद्धा तपासून घ्यावंसं वाटतं."

ती हसली. मग तिनं चष्मा काढला आणि खिशात ठेवला. समोरचा माणूस धूसर झाला, पण कुठं आहे ते नीट कळत होतं. गवताचा वास जवळ आला.

"आता पहारा उठला," ती म्हणाली. "बोल."

"तू... डबा मी मुद्दाम विसरलो होतो."

"आणि झाकण?"

"झाकण खरंच विसरलो. दोन्ही वेळा." त्याचे कान पुन्हा लाल झाले. "अजून काही शंका?"

"एकच. पुढच्या वेळी येताना हातात काय आणणार आहेस?"

त्यानं दोन्ही हात पुढे केले. खरखरीत, ओले, आयाळीचा एक पांढरा केस चिकटलेले.

"रिकामे चालतील?"

तिनं ते तपासून न बघता धरले.